ग्राफिक्स कार्डाचा ताबा कोणाकडे?

व्हर्च्युअल मशीनला खरंखुरं ग्राफिक्स कार्ड देण्याच्या उद्योगात पडलेल्यांच्या तक्रारी चार वाक्यांत संपतात. व्हीएम सुरू होते, पण स्क्रीन काळी. चित्र येतं, पण विंडोज कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण लावून कोड ४३ दाखवतं. सगळं झकास चालतं, पण व्हीएम एकदा बंद केली की पुन्हा उठत नाही, अख्खा संगणक रीस्टार्ट करावा लागतो. नाहीतर चित्र ठीक, आवाज मात्र तडतडतो. तक्रारी एवढ्याच, उपाय मात्र शेकड्यांनी. ही ओळ बूटलोडरमध्ये घाला, ती व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये घाला, हे मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा. माणूस एकामागून एक ओळी घालत जातो, कधीतरी स्क्रीन उजळते, आणि कोणत्या ओळीने उजळली ते कधीच कळत नाही. पुढच्या कर्नेल अपडेटला ती पुन्हा काळी होते तेव्हा सुरुवात परत शून्यापासून.

या सगळ्या पसाऱ्यात मला एकच प्रश्न खात्रीने कामाचा वाटतो: या क्षणी कार्डाचा ताबा कोणाकडे आहे? बटण दाबल्यापासून व्हीएम बंद होईपर्यंत कार्ड बऱ्याच हातांतून जातं. आधी मदरबोर्डचं फर्मवेअर, मग होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, कर्नेलचं बूटचं चित्र, मग होस्टचा ड्रायव्हर, मग व्हीएफआयओ, मग व्हीएमच्या आतलं फर्मवेअर, मग गेस्टचा, म्हणजे व्हीएमच्या आतल्या प्रणालीचा, ड्रायव्हर आणि शेवटी पुन्हा होस्ट. बिघाड बहुधा यातल्या एखाद्या हस्तांतरणात असतो, आणि तो दिसतो मात्र एक-दोन पायऱ्या पुढे. विंडोजच्या आत दिसणाऱ्या त्रुटीचं मूळ विंडोजमध्ये नसणं हा इथला नेहमीचा प्रकार आहे.

हा आढावा मुख्यतः लिनक्स होस्ट, केव्हीएम आणि क्यूईएमयू यांच्यापुरता आहे, कारण घरी किंवा छोट्या ऑफिसात हे करणारे जवळपास सगळे याच वाटेने जातात. प्रॉक्समॉक्स वापरणारेही आतून तेच वापरतात. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत आलं. उपकरण थेट व्हीएमला देण्याची सोय, म्हणजे पासथ्रू, त्यानंतर लवकरच झाली, पण आजची शिस्तशीर चौकट म्हणजे व्हीएफआयओ, आणि ती २०१२ मध्ये कर्नेल ३.६ बरोबर आली. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या अ‍ॅलेक्स विल्यमसन यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. व्हीएफआयओचा मुद्दा साधा आहे. पीसीआय एक्सप्रेसवरचं कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत वाचतं-लिहितं. असं कार्ड गेस्टच्या हाती दिलं तर गेस्ट त्याच्याकरवी होस्टची सगळी मेमरी वाचू शकेल. म्हणून मध्ये आयओएमएमयू लागतं. कार्डाने मागितलेला प्रत्येक पत्ता ते तपासतं, गेस्टच्या हद्दीत बसवतं, आणि हद्दीबाहेरची मागणी फेटाळतं. इंटेल याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्हीआय.

इथेच पहिली गल्लत होते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलं म्हणून लोक निश्चिंत होतात, पण ते व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम असतं, म्हणजे प्रोसेसरपुरतं. व्हीटी-डीचा खटका वेगळा, बहुतेक वेळा दुसऱ्याच मेन्यूत, चिपसेटच्या किंवा नॉर्थब्रिजच्या नावाखाली दडलेला. जुन्या यंत्रांवर तो नसतोही. इंटेलचे २६००के, ३७७०के आणि ४७७०के हे त्या काळचे शौकिनांचे महागडे प्रोसेसर, त्यांत व्हीटी-डी नव्हतं, आणि त्याच पिढीतल्या के नसलेल्या स्वस्त भावंडांत होतं. जुना संगणक कामाला लावू पाहणाऱ्याने एवढं तपासून मगच पुढचा घाट घालावा.

खटका चालू केल्यावर होस्टच्या कर्नेलला ते कळलं का, हे कर्नेलच्या नोंदींत, म्हणजे डीमेसेजमध्ये, पाहायचं. इंटेलवर डीमार हा शब्द आणि त्यापुढे आयओएमएमयू एनेबल्ड असं दिसायला हवं. नुसता डीमार दिसला तर फर्मवेअरने तक्ता दिला आहे एवढंच समजायचं. कर्नेलने तो वापरायला घेतलाच असं नाही, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी बूटच्या ओळीत इंटेल आयओएमएमयू ऑन असं सांगावं लागतं. काही वितरणांच्या नव्या कर्नेलमध्ये ते आता आपोआप चालू असतं. एएमडीवर मुळात काही सांगावंच लागत नाही, फर्मवेअरमध्ये चालू असलं की झालं. तरीही एएमडी आयओएमएमयू ऑन ही ओळ जवळपास प्रत्येक मार्गदर्शिकेत सापडते. त्या पर्यायाला ऑन अशी किंमतच नाही, कर्नेल ती ओळ वाचून सोडून देतं. वर्षानुवर्षं हजारो यंत्रांच्या बूटलोडरमध्ये ती बसून आहे आणि तिने कोणाचं काही बिघडवलेलं नाही, घडवलेलंही नाही.

सर्व्हरच्या जुन्या यंत्रांवर, विशेषतः एचपीच्या प्रोलायंट मालिकेत, एक वेगळा अडथळा येतो. फर्मवेअरने मेमरीचा काही भाग एखाद्या उपकरणासाठी राखून ठेवलेला असतो, याला आरएमआरआर म्हणतात. कर्नेल मग स्पष्ट सांगतं की या राखीव जागेमुळे हे उपकरण आयओएमएमयूच्या हद्दीत बसवता येत नाही. इथे ताबा कर्नेलकडेही नाही, त्याच्याही खाली फर्मवेअरकडे आहे. तो सोडवायचा तर उत्पादकाच्या साधनाने फर्मवेअरची सेटिंग बदलायची, नाहीतर कर्नेलमधली ती तपासणीच काढून टाकणारा पॅच लावायचा. दुसरा मार्ग का टाळावा हे गटांच्या चर्चेत येईलच.

गट म्हणजे आयओएमएमयू ग्रुप. पासथ्रूच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे आहे. आयओएमएमयू ज्या उपकरणांना एकमेकांपासून खात्रीने वेगळं ठेवू शकत नाही, ती सगळी एका गटात पडतात, आणि गट अख्खा द्यायचा किंवा अजिबात द्यायचा नाही असा नियम आहे. कारण पीसीआय एक्सप्रेसवर दोन उपकरणं मधल्या स्विचमधून परस्पर बोलू शकतात. ते बोलणं वर आयओएमएमयूपर्यंत पोचलंच नाही तर तपासणार कोण? हे परस्पर बोलणं अडवण्याची सोय स्विचमध्ये किंवा रूट पोर्टमध्ये असते, तिचं नाव एसीएस. ती असली की गट सुटसुटीत पडतात. नसली की ग्राफिक्स कार्ड, सॅटा कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड एकाच गाठोड्यात सापडतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत थेट प्रोसेसरला जोडलेल्या पोर्टांवर एसीएस बराच काळ नव्हतं, म्हणून दोन मोठ्या स्लॉटमधली दोन कार्डं एकाच गटात यायची. एएमडीच्या मध्यम किमतीच्या बोर्डांवर पहिला स्लॉट स्वतंत्र असतो, पण चिपसेटमागचं सगळं बहुधा एका गटात. एक्स५७०सारख्या वरच्या चिपसेटवर परिस्थिती बरीच बरी.

गट बरोबर नसेल तर क्यूईएमयू सुरू होतानाच थांबतं आणि गट व्हायेबल नाही, त्यातली सगळी उपकरणं व्हीएफआयओला बांधा, असं सांगतं. हा संदेश वाचून लोक गटातल्या पीसीआय ब्रिजलाही व्हीएफआयओला बांधायला जातात. त्याची गरज नाही. ब्रिज आणि रूट पोर्ट होस्टच्या ताब्यातच राहतात, बांधायची ती फक्त टोकाची उपकरणं. उरतो खरा पेच, म्हणजे होस्टला लागणारं उपकरण त्याच गटात असण्याचा. यावर साधे उपाय दोन: कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहणं आणि बोर्डाचं बायोस अपडेट करणं. दोन्ही जमलं नाही की सगळे एसीएस ओव्हरराइड पॅचकडे वळतात.

हा पॅच विल्यमसन यांनीच २०१३ मध्ये लिहिला होता. मूळ कर्नेलमध्ये तो कधीच घेतला गेला नाही, पण प्रॉक्समॉक्सच्या कर्नेलमध्ये तो आहे, झेन कर्नेलमध्येही. तो काय करतो? एसीएस नसलेल्या पोर्टांवर ते आहे असं कर्नेलला भासवतो. गट कागदावर फुटतात, तारा मात्र तशाच राहतात. घरच्या संगणकावर, स्वतःच्याच विंडोजमध्ये खेळ खेळणाऱ्याने तो वापरला तर माझं काही म्हणणं नाही. ज्या व्हीएममध्ये दुसऱ्याचा माणूस लॉगिन करणार, तिथे तो वापरू नये. तिथे तुम्ही आयओएमएमयू विकत घेऊन त्याचा पहारा स्वतःच्या हाताने उठवता, आणि वर एखादी व्हीएम मधूनच डेटा बिघडवते तेव्हा कारण सापडत नाही. आरएमआरआरचा पॅचही याच जातीचा.

गट सुटला की कार्ड होस्टच्या हातातून काढून व्हीएफआयओकडे द्यायचं. एलएसपीसीआय आज्ञेला के हा पर्याय दिला की प्रत्येक उपकरणाखाली सध्या कोणता ड्रायव्हर बसला आहे ते दिसतं. नुसती ही एक ओळ नीट वाचली तरी तासांचे कष्ट वाचतात. ग्राफिक्स कार्ड एकटं नसतं हे इथे लक्षात येतं. ०१:००.० वर चित्र, ०१:००.१ वर एचडीएमआयचा आवाज. आरटीएक्स २० मालिकेच्या बऱ्याच कार्डांवर टाइप-सी साठी आणखी दोन अवयव असतात, .२ वर यूएसबी कंट्रोलर आणि .३ वर त्याचा व्यवस्थापक. पहिले दोन व्हीएफआयओकडे गेले, पण यूएसबी कंट्रोलर होस्टच्या एक्सएचसीआय ड्रायव्हरने आधीच उचलला, असं नेहमी होतं, कारण तो ड्रायव्हर पुष्कळ वितरणांत कर्नेलमध्येच बांधलेला असतो आणि मॉड्यूलांचा क्रम बदलून त्याला मागे टाकता येत नाही. मग तो अवयव पत्त्यावरून सोडवून घ्यावा लागतो. एकाच मॉडेलची दोन कार्डं असणाऱ्यांचंही तेच. ओळख क्रमांक सारखे असल्यामुळे क्रमांकावरून बांधलं की दोन्ही जातात आणि होस्ट आंधळा होतो. तिथे पत्त्यावरून नेमकं कार्ड निवडून त्याच्या ड्रायव्हर ओव्हरराइडमध्ये व्हीएफआयओचं नाव लिहायचं.

आणि ड्रायव्हर व्हीएफआयओ दिसतो आहे, गट बरोबर आहे, तरी स्क्रीन काळी, अशी अवस्था आली तर प्रोक फोल्डरमधली आयओमेम ही फाइल उघडून पाहावी. होस्ट सुरू होताना फर्मवेअरने ज्या कार्डावर लोगो काढला, त्या कार्डाच्या मेमरीच्या एका तुकड्यावर कर्नेलचं बूटचं चित्र बसून राहिलेलं असतं. आयओमेममध्ये कार्डाच्या पत्त्याखाली आत सरकवलेली बूटएफबी अशी नोंद दिसते. डीमेसेजमध्ये बार १ राखून ठेवता येत नाही अशी ओळ पुन्हा पुन्हा येते, क्यूईएमयूच्या लॉगमध्ये डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी हे शब्द पानंच्या पानं भरतात. ड्रायव्हरच्या यादीत या पाहुण्याचं नाव नसतं, म्हणून तो सुटतो.

याचा जुना उपाय व्हिडिओ बरोबर ईएफआयएफबी ऑफ ही बूटची ओळ. कर्नेल ५ च्या उत्तरार्धात हे चित्र हाताळणारा भाग नव्याने लिहिला गेला आणि ती ओळ निकामी झाली. मग सिसएफबी इनिट हा प्रारंभिक भागच काळ्या यादीत टाकण्याचा उपाय आला. त्यानंतर व्हीएफआयओ स्वतःच कार्ड घेताना अशा चित्राला हुसकावू लागलं. तिन्ही काळांतले सल्ले आज शेजारी शेजारी फिरताहेत, आणि कोणत्याच सल्ल्यावर तो कोणत्या कर्नेलसाठी आहे हे लिहिलेलं नसतं. सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग आजही वेगळाच आहे: प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर बायोसमध्ये तेच पहिलं ठेवायचं, मॉनिटरची केबल बोर्डाला लावायची आणि मोठ्या कार्डाला होस्टच्या बूटमध्ये हातच लावू द्यायचा नाही.

ज्यांच्याकडे एकच कार्ड आहे त्यांना ही चैन नाही. त्यांना व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या हुकमधून डिस्प्ले मॅनेजर बंद करणं, कन्सोल सोडवणं, ड्रायव्हर उतरवणं हे सगळं व्हीएम सुरू होताना करावं लागतं आणि बंद होताना उलट क्रमाने. होतं, पण एखादी पायरी अडकली की समोर काळा पडदा आणि हातात काही नाही. म्हणून असा प्रयोग करणाऱ्याने दुसऱ्या यंत्रावरून, अगदी मोबाइलवरूनही, एसएसएचने आत शिरता येतं ना हे आधी पाहून ठेवावं. आत शिरल्यावर बहुतेक वेळा दिसतं की एनव्हिडियाचा ड्रायव्हर उतरायला तयार नाही, कारण मागे कुठलासा प्रोग्रॅम कार्ड धरून बसला आहे.

आता कार्ड व्हीएमच्या दारात पोचलं. व्हीएमचं फर्मवेअर ओव्हीएमएफ असावं, म्हणजे यूईएफआय. जुन्या सीबायोसच्या वाटेने व्हीजीएची जुनाट भानगड सोबत येते. ओव्हीएमएफला कार्डाच्या रॉममध्ये यूईएफआयचा भाग लागतो. २०१२ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या कार्डांत तो बऱ्याचदा नसतो. कार्ड होस्टने बूटसाठी वापरलेलं असेल तर त्याच्या रॉमची प्रत बदललेली किंवा न वाचता येणारी असू शकते. कर्नेल सांगतं की रॉमच्या मथळ्याची खूण चुकीची आहे, एए५५ ऐवजी एफएफएफएफ मिळालं. यावर रॉमची स्वच्छ प्रत फाइलमधून द्यायची. ती प्रत आपल्याच कार्डाची, ते दुय्यम स्लॉटमध्ये असताना काढलेली उत्तम. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली की सुरुवात ५५ एए या दोन बाइटांनी व्हायला हवी. विंडोजमधल्या साधनाने काढलेल्या एनव्हिडियाच्या प्रतींत त्याआधी एक भला मोठा मथळा असतो, तो छाटल्याशिवाय ती फाइल चालत नाही. रॉम फाइल हा सरसकट रामबाण समजून लोक कुठूनतरी उतरवलेली फाइल लावतात, त्याची गरज बहुतेकांना नसते.

आता कोड ४३. साधारण २०१४ पासून एनव्हिडियाच्या जीफोर्स ड्रायव्हरने आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून काम नाकारायला सुरुवात केली. महागड्या व्यावसायिक कार्डांना ही अडचण नव्हती, तीच चिप असली तरी. लोकांनी केव्हीएमची ओळख लपवण्याचा आणि हायपर-व्हीच्या विक्रेत्याचं नाव बदलण्याचा तोडगा काढला आणि सात वर्षं तो लपंडाव चालला. मार्च २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरबरोबर एनव्हिडियाने विंडोज गेस्टमध्ये जीफोर्सचा पासथ्रू अधिकृतपणे खुला केला. तरी आजही कोड ४३ दिसला की पहिला सल्ला लपवाछपवीचाच मिळतो. नव्या ड्रायव्हरवर कोड ४३ आला तर त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हरला कार्ड नीट सुरू करता आलं नाही. कारण रॉम असेल, बूटएफबी असेल, अर्धवट रीसेट झालेलं कार्ड असेल. फर्मीसारख्या जुन्या पिढीला नवे ड्रायव्हर मिळत नाहीत तिथे मात्र लपवाछपवी खरोखर लागू शकते. लॅपटॉपवर याच कोडचं एक मजेशीर कारण आहे: मोबाइल कार्डाचा ड्रायव्हर बॅटरी शोधतो, व्हीएममध्ये ती नसते, म्हणून लोक एसीपीआयच्या तक्त्यातून खोटी बॅटरी पुरवतात. लॅपटॉपवरच्या बाकीच्या अडचणी पाहता, विशेषतः कार्डाची तार कोणत्याच बाहेरच्या पोर्टपर्यंत जात नसेल तर, तो नाद न केलेला बरा.

कोड १२ हा वेगळा, आणि प्रामाणिक. जागा पुरत नाही असं तो सांगतो. मोठी मेमरी असलेली डेटा सेंटरची कार्डं आपली सगळी मेमरी एका खिडकीतून दाखवू पाहतात. त्यासाठी बोर्डात अबोव्ह फोर जी डिकोडिंग चालू हवं, आणि ओव्हीएमएफच्या चौसष्ट बिटी खिडकीचा आकार वाढवून द्यावा लागतो.

इथपर्यंतचा प्रवास एका दिशेचा. खरी कसोटी परतीच्या वाटेवर. व्हीएम बंद झाली की कार्ड कोरं करून परत घ्यायचं असतं, म्हणजे रीसेट. त्याचे प्रकार आहेत: फक्त त्या अवयवापुरता रीसेट, म्हणजे एफएलआर, अख्ख्या बसचा रीसेट, किंवा वीज कमी-जास्त करून केलेला. जुन्या घरगुती ग्राफिक्स कार्डांत एफएलआर सहसा नसतो. एनव्हिडियाची कार्डं बसच्या रीसेटने बहुधा शुद्धीवर येतात. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि पहिल्या नावी पिढीतली कितीतरी कार्डं येत नाहीत. पहिल्यांदा व्हीएम छान चालते, दुसऱ्यांदा कार्ड बेशुद्ध. डीमेसेजमध्ये अमुक मिलिसेकंद थांबूनही तयार नाही, नाद सोडला, अशा अर्थाची ओळ, किंवा पीसीआय हेडरचा प्रकार १२७. हा १२७ म्हणजे काही खास प्रकार नव्हे. कार्ड उत्तर देत नाही तेव्हा बसवरून सगळे बिट १ असेच वाचले जातात, त्याचा तो आकडा. तो दिसला की गेस्टमध्ये काही शोधण्यात अर्थ नाही.

लुकिंग ग्लास हा प्रकल्प उभा करणारे जेफ्री मॅक्रे यांचा व्हेंडर-रीसेट नावाचा मॉड्यूल या कार्डांसाठी २०२० मध्ये आला. त्यात एएमडीच्या ड्रायव्हरमधली रीसेटची युक्ती कर्नेलच्या पीसीआय भागाला शिकवली आहे. कर्नेल ५.१५ नंतर तो घालूनही चालेना, कारण रीसेटची पद्धत निवडण्याची नवी सोय आली. कार्डाच्या फोल्डरमध्ये रीसेट मेथड नावाची फाइल असते, तीत डिव्हाइस स्पेसिफिक असं लिहावं लागतं. एवढ्याशा शब्दासाठी कितीजणांनी मॉड्यूल निरुपयोगी म्हणून टाकून दिला असेल. २०२० अखेरच्या आरएक्स ६००० मालिकेत हा रोग बऱ्याच अंशी गेला, ७००० मालिकेत काही कार्डांबद्दल तक्रारी पुन्हा ऐकू आल्या.

रीसेट फक्त कार्डाचाच बिघडतो असं नाही. एएमडीच्या मॅटिस पिढीतले यूएसबी आणि आवाजाचे कंट्रोलर आपल्याला एफएलआर येतो असं सांगतात, आणि केला की गोठतात, कधी होस्टला घेऊन. २०२० मध्ये कर्नेलला त्यांचं म्हणणं खरं मानू नकोस असं शिकवण्यात आलं. त्याआधी, २०१९ च्या सुमारास, एएमडीच्या फर्मवेअरची एक आवृत्ती बोर्डांवर पसरली आणि पूर्वी ठणठणीत चालणारे पासथ्रू एकाएकी १२७ दाखवू लागले. कॉन्फिगरेशनचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. चालणाऱ्या यंत्राचं बायोस अपडेट करण्याआधी जुनी आवृत्ती परत टाकता येते का, ते म्हणूनच पाहून ठेवावं.

वेग आणि आवाज यांच्याबद्दल थोडक्यात. २०१७ पर्यंत एएमडी प्रोसेसरवर नेस्टेड पेजिंग चालू ठेवलं की ग्राफिक्स रखडायचं, कारण केव्हीएम गेस्टची मेमरी-कॅशिंगची मागणी मानत नव्हतं. ते त्याच वर्षी दुरुस्त झालं, पण नेस्टेड पेजिंग बंद करा हा सल्ला अजून जिवंत आहे आणि आज तो नुकसानच करतो. आवाज तडतडत असेल तर विंडोजमध्ये एचडीएमआय ऑडिओला एमएसआय प्रकारचे इंटरप्ट वापरायला लावणं आणि व्हीएमचे कोअर ठरावीक कोअरांना बांधणं, या दोन गोष्टींनी बहुधा भागतं. बाकीची यादी मोठी आहे आणि तिच्यातून मिळणारा फायदा लहान. एक मात्र ध्यानात ठेवावं: पासथ्रू असलेल्या व्हीएमची सगळी मेमरी पहिल्या क्षणापासून जागेवर खिळलेली असते. कार्ड कधीही कुठेही लिहील म्हणून कर्नेलला ती हलवता येत नाही. त्यामुळे बलूनिंगने मेमरी वाचवण्याचा हिशेब इथे चुकतो.

यूएसबीचं प्रकरण सोपं वाटतं आणि रोज छळतं. आपल्याकडे याची गाठ सर्वांत आधी पडते ती डिजिटल सहीच्या टोकनशी. सीए, कंपनी सेक्रेटरी, महाटेंडर्सवर निविदा भरणारे कंत्राटदार, यांचं टोकन विंडोजमध्येच सुरळीत चालतं म्हणून लिनक्सवर विंडोजची व्हीएम ठेवली जाते. टोकन व्हीएमला दिलं, विंडोजला ते दिसतं, पण प्रमाणपत्रांची यादी रिकामी. पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. होस्टवर पीसीएससीडी ही स्मार्टकार्ड सांभाळणारी सेवा चालू असते आणि तिने टोकन धरून ठेवलेलं असतं. सेवा आणि तिचं सॉकेट दोन्ही थांबवलं की टोकन मोकळं होतं. नुसती सेवा थांबवली तर सॉकेट तिला पुन्हा उठवतं. हार्डवेअर लॉक लागणाऱ्या जुन्या डीटीपी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरांची गोष्ट वेगळी: लॉक मध्येच स्वतःला रीसेट करतं, बसवर नव्या क्रमांकाने उगवतं, आणि व्हीएमला बस क्रमांकावरून दिलेलं असेल तर हरवतं. ते विक्रेता आणि उत्पादन क्रमांकावरून द्यावं. हेडफोन, कॅमेरा, ऑडिओ इंटरफेस यांसाठी सुटं उपकरण देत बसण्यापेक्षा अख्खा यूएसबी कंट्रोलरच पासथ्रू केलेला चांगला. पुन्हा गट बघून.

लिनक्सबाहेर चित्र काय? हायपर-व्हीमध्ये उपकरण थेट देण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे, साध्या विंडोजवर नाही. व्हर्च्युअलबॉक्सने आपला प्रायोगिक पीसीआय पासथ्रू ६.१ आवृत्तीत काढूनच टाकला, त्यामुळे त्याच्या नावाने अजून फिरणाऱ्या जुन्या सूचनांमागे लागू नये. एकच कार्ड वाटून देण्याची इंटेलची जीव्हीटी-जी ही सोय पाचव्या ते दहाव्या पिढीपुरती होती. पुढच्या पिढ्यांत एसआर-आयओव्ही आहे, पण त्याचा आधार चिपनुसार आणि कर्नेलनुसार बदलतो.

हे सगळं कशासाठी करायचं, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज अवघड झाला आहे. खेळांसाठी असेल तर विंडोजचे खेळ थेट लिनक्सवर चालवणाऱ्या, ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या प्रोटॉनने बहुतेकांची गरजच संपवली. उरलेल्यांपैकी व्हॅलोरंटसारखे खेळ त्यांच्या अँटी-चीटमुळे व्हीएममध्ये चालू देत नाहीत. घरी भाषा-मॉडेल चालवायचं असेल तर लिनक्स कंटेनरला होस्टचाच ड्रायव्हर वापरता येतो, व्हीएमची गरज नाही, आणि रीसेटचा प्रश्नही नाही. विंडोजमधलं व्हिडिओ एडिटिंग, कॅडची सॉफ्टवेअरं, विकास आणि चाचणीसाठी वेगवेगळे ड्रायव्हर लागणारी कामं, यांच्यासाठी मात्र पासथ्रूला अजून तोड नाही.

अशांपैकी पुष्कळजण दुसरं कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कोणाकडून तरी वापरलेलं घेतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात भरपूर आली. त्यांतल्या काहींचं बायोस मायनिंगसाठी बदललेलं असतं, काहींना तर मॉनिटरचं पोर्टच नसतं. दुकानदार व्हीएम चालवून दाखवणार नाही, पण विंडोजमध्ये जीपीयू-झेड उघडून दाखवायला तो कुरकुरत नाही. त्यात यूईएफआयच्या चौकोनात बरोबरची खूण आहे का ते पाहावं. चिप पोलारिस, व्हेगा किंवा पहिली नावी असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. आणि परत घेण्याची मुदत आठवड्याची तरी ठरवावी, कारण पहिल्या दिवशी हे कार्ड नेहमीच छान चालतं. व्हीएम बंद करून दुसऱ्यांदा सुरू केल्यावर काय होतं, ते बिल फाडल्यावरच समजतं.